धुराडी

पहिल्या वसाहतीत रस्ता डांबरी,
पण कोंबड्या पाळायला बंदी,
कुंपणाचा रंगसुद्धा म्हणे कमिटी ठरवणार.
दुसरीत पाणी सहाशे फुटांवर,
दलालाच्या तोंडाला मात्र तिथल्या तिथे सुटलेलं.
व्हर्न वहीत आकडे मांडत राहिला,
मी बुटांतली न्यू मेक्सिकोची वाळू झाडत बसले.

तिसरीत पाटीच वाऱ्याने पाडलेली.
टँकर गुरुवारी येतो, आला तर,
रमोना किंटाना म्हणाली, हात पुसत.
बर्फ पडलं की सकाळी आम्ही धुराडी मोजतो.
सात आहेत.
एखाद्यातून धूर नाही दिसला,
तर ट्रॅक्टर काढतो.

परतताना चाळीस मैल व्हर्न गप्प.
मग म्हणाला,
गुरुवारी
आपण तसेही घरीच असतो.