चौथी कॅप

हातिमभाई टायर आधी दाबत नाहीत,
नखाने टिचकी मारतात.
"रेडियल आहे. पळेल मस्त.
पण ही डुक्कर फियाट, साहेब,
हिला क्रॉसप्लायचीच चाल शोभते,
जरा जड, जरा डुलत."

पांढऱ्या पट्ट्याचे चार टायर
मी हौसेने आणले होते. डिकीतच राहिले.
"वरातीला भाड्याने द्यायचीय काय?"
एवढंच म्हणाले.

मग दारावरची क्रोमची पट्टी.
मटन स्ट्रीटवर गोणपाटावर अकरा मांडलेल्या,
मला सगळ्या सारख्याच.
ते एकही उचलेनात.
"मला नको, पत्र्याला विचारा."
रंग खरवडला, तर भोकं निघाली तीन,
आणि एक शिशाने बुजवलेलं, कुणा मधल्या मालकाचं.
तीन भोकांची पट्टी सापडली शुक्रवारी,
शिलाई मशीनच्या पायाला बांधलेली.

व्हील कॅप मात्र तीनच.
चौथीसाठी कुर्ल्याचं भंगार सहा महिने उपसलं,
आणि ती मिळाली, त्याच आठवड्यात
आत्याच्या डब्यातून फोटो निघाला:
बाबुलनाथच्या कोपऱ्यावर गाडी,
बॉनेटला टेकून आमचे अप्पा कीर्तिकर,
आणि मागच्या चाकावर
हिलमनची कॅप. ठोकून बसवलेली. वाकडी.

हातिमभाईंनी भिंग धरलं, बराच वेळ.
"कंपनीची लावू की घरची?"

रॅलीत परीक्षक वाकला,
दोन गुण कापले.
परतताना पार हाजीअलीपर्यंत
ती खुळखुळत होती.