दंड

आजी पाचपावलीत राहायची
आणि शीलंही पाचच,
हे जुळून आलेलं तिला फार आवडायचं.
"पाच पावलं टाकाची, बस. सहावं कोनी मांगत नाही,"
असं म्हणत सूप मांडीवर ओढायची,
तेंदूचं ओलं पान कैचीखाली धरायची.

दिवसाला हजार विड्या.
पंचविसाचा कट्टा, असे चाळीस.
बोटं आपली चालत राहायची, नजर आमच्यावर:
कोण पुस्तक उघडं टाकून झोपलं,
कोणाच्या पेन्सिलीला टोक नाही.
अक्षर एक येत नव्हतं तिला,
पण मोठ्यानं वाचताना आम्ही ओळ गाळली
की कैची थांबायची.

पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून
विहारात पुढच्या रांगेत बसायची कौतिकाबाई मेश्राम.
चार शीलं खणखणीत.
पाचव्याला, सुरामेरय म्हणताना,
आवाज एकदम खाली,
जसा घशात जर्दा उडावा.

आई तेव्हा सात वर्षांची, तिच्या पदराला धरून.
आई सांगते, एका पौर्णिमेला सगळे उठून गेल्यावर
आजीनं भन्तेजींना विचारलंच:
"दारू शिवली नाही जन्मात.
पन लोकाईची नशा तं मीच बांधून राहिली नं, लाल धाग्यानं?
चार लेकरं हायेत. सोडू काय?"
भन्तेजी बराच वेळ गप्प.
वर पंखा कुरकुरत होता.
मग त्यांनी पाणी मागितलं.

घरी येईपर्यंत निकाल आजीनंच लावला होता.
हजारामागे दहा पैसे दंड.
डालड्याचा रिकामा डबा, झाकणाला चाकूनं पाडलेली फट.
ते पैसे घरचे नाहीत.
जून लागला की डबा जमिनीवर उपडा करायचा
आणि गल्लीतल्या कुणाच्या तरी लेकराची
वही, पाटी, कंपासपेटी.
आमची नाही. आम्ही रडलो तरी नाही.

चेकरनं छाटून फेकलेल्या विड्या आजोबा ओढायचे.
फुकट जात्यात म्हणून.
मेयोत त्यांना भरती केलं तेव्हा
आजीनं शेजारच्या सुगंधाबाईकडून उसने घेतले,
डब्याला हात लावला नाही.
आजोबा गेले.
त्या महिन्यापासून दंड दुप्पट झाला.
ती यावर कधी बोलली नाही, आम्हीही नाही.
फक्त नाणं पडायचा आवाज एकाऐवजी दोनदा.

आता डबा माझ्याकडे आहे.
मधली तीस वर्षं आईकडे होता,
मेडिकलच्या रात्रपाळीत कुणावर खेकसून आली
की सकाळी चपला काढायच्या आधी रुपया टाकायची.
मी धंतोलीत एका मोठ्या दवाखान्यात
बिलाच्या खिडकीशी बसते.
"आधी डिपॉझिट भरा" हे वाक्य
मी दिवसातून किती वेळा म्हणते, ते डब्याला माहीत आहे.
वंदना मला पुरती येत नाही.
विहारात जाणं होतं ते वर्षातून एकदोनदा,
तेही आईला स्कूटरवर सोडायला.
पण फट दिसली की हात पर्समध्ये जातो,
त्याला मी काय म्हणू?

परवा डबा उघडला.
लिफ्टमनचा मुलगा आठवीत गेलाय, त्याला भूमितीची पेटी हवी.
नाण्यांना अजून जर्द्याचा वास येतो,
की मलाच येतो, कोण जाणे.
नोटांमध्ये एक घडी केलेली चिठ्ठी निघाली,
सम्यकाच्या अक्षरात:
"सुट्टे नव्हते. दोन रुपये देणं आहे."

अकरा वर्षांची पोट्टी.
काय केलं होतं तिनं, कुणाशी,
ओठांवर आलं होतं विचारायचं.
ती समोर बसून गणित सोडवत होती,
पेन्सिलीला टोक होतं.

पैसे मोजले. बाजूला काढले.
चिठ्ठी तेवढी परत आत टाकली.