खळ

कागदावर कागद, मध्ये खळ,
पुन्हा कागद. असे चार थर चिकटवून
रात्रभर दडपणाखाली ठेवायचे.
याला वासली म्हणतात, बिल्किस मॅडम म्हणाल्या.
त्यांचं वय सव्वीस. वर्ग नव्या पेठेत,
माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर,
रविवारी दहा ते बारा.
विद्यार्थी चार, त्यांत एकसष्टचा मी.

खळ मला येते.
चाळीस वर्षं सुताला तीच पाजली,
बोटाला चिकटली की कळतं, झाली का नाही.
मॅडमनी पातेल्यात बोट बुडवलं, 'वा, काका!'
त्या महिन्यातली तेवढीच शाबासकी.

पुढचं सगळं बिघडलं.
राणीचा डोळा कपाळात गेला.
हरणाला पाच पाय झाले; एक खरवडला
तर राहिलेल्या चारांवर ते लंगडं.
'रेघ ओढू नका, सोडा,' मॅडम म्हणतात.
जन्मभर सूत ताणलेल्या माणसाला
सोडायचं कसं, कुणी शिकवलेलं नसतं.

मे महिना. शिंपल्यातला हिरवा रंग
कुंचला उचलेस्तोवर वाळून खडा.
पंखा लावावा तर कागद उडतो,
आणि नागमणीची तंबाखूही.
म्हणून पंखा बंद.
भिंतीला पाठ लावून ती विड्या वळते,
खिडकीखाली मी, एका झाडाची पानं,
तिळाएवढी एकेक.
मोजू नका म्हणाल्या होत्या. मी मोजली.
दोनशे सात, आणि सगळी भाकरीसारखी.

'काय करलालाव ओ?'
मांडीवरचं सूप सारून ती वाकली.
'पानाची शीर अशी जाते होय?'
हात पुढं केला. मी कुंचला दिला, थट्टेनं.
दहाव्या वर्षापासून शिरेच्या कडेनं
कात्री चालवत आलेली ती बोटं.
श्वाससुद्धा न रोखता तिनं एक रेघ ठेवली
देठापासून टोकापर्यंत,
आधी जाड, मग बारीक, मग नाहीच.
कुंचला परत.
'पाचशे राहिल्यात अजून,
सकाळी कारखान्यात मोजून द्यायच्यात.'

रविवारी मॅडमनी भिंग लावलं.
राणीवरून सरकलं, हरणापाशी जरा अडलं,
मग झाडावर, नेमकं त्याच पानावर.
'हे. हे कसं केलंत?'
खाली टाक्यांतल्या मोटारी बुडबुडत होत्या.
खरं सांगायला तोंड उघडलं मी
आणि म्हणालो, 'जमलं असंच.'

अशोक चौकात रिक्षा सोडली,
उरलेलं चालत आलो. सावली पायाखाली
लपलेली, खिशात कुंचला.
दारात पाचव्या दिवसाचं पाणी:
पिंप, घागरी, बादल्या, पातेली,
शेवटी वाट्यासुद्धा मांडलेल्या.
मी पिंपाची दुसरी कड धरली.
'पुढच्या रविवारी येतीस का माझ्यासंगं?'
'आणि विड्या कोण वळणार, तुमची राणी?'

रात्री चार कागद चिकटवले.
मग अजून चार.
वर पाटा ठेवला, पाट्यावर वरवंटा.
तिनं बघितलं, विचारलं काहीच नाही.
खळ जरा जास्त झाली होती,
एवढंच मी म्हणालो.