पानगळीचा गृहपाठ

शाळेने सुट्टीचा कागद दिलाय, झेरॉक्स, जरा तिरपी:
एक झाड, उघड्या फांद्या, आणि खाली सूचना,
गळलेली लाल-पिवळी पाने गोळा करून चिकटवा.

रुजुता आणि धाकटा कैवल्य
पिशवी घेऊन सकाळपासून अख्खी वाडी फिरून आले.
"बाबा, हय पानांच पडणत नाय."

खरंच. ऑक्टोबरात निवतीला काय गळतं?
माडाचं एखादं चुडत, तेही रात्री, धप्पकन.
फणस हिरवा, आंबा हिरवा,
काजू तर नुसती निर्लज्ज हिरवी.
पिवळं झालंय ते फक्त कुणग्यातलं भात,
आणि ते चिकटवायला कोण देईल?

मी घरीच. होडीचा गिअरबॉक्स मालवणात पडलाय,
ऐन बांगड्याच्या दिवसांत
मी पडवीत बसून दुसऱ्यांच्या होड्या मोजतोय.
म्हटलं, आणा तो कागद.
नको, तो राहू दे. गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणा,
त्याची पाठ कोरी असते.

जांभ्याचा तुकडा पाट्यावर घासला, चार थेंब पाणी:
हा लाल.
हळद: हा पिवळा.
करवंटीचा कोळसा कुटून काळा.
हिरवा कशाचा करू, विचारलं,
तर रुजुता म्हणाली,
"हिरवो नको. भायर आसा तितको पुरे."

फणसाचं पान उलटं धरायचं,
शिरा वर येतात त्या अंगाला रंग,
भाकरीला पाणी लावतात तितकाच.
कागदावर ठेवून मुठीने दाबायचं, सरकवायचं नाही.
कैवल्य सरकवतो.
त्याच्या सगळ्या पानांना वारा लागलाय.

भेंडी आडवी कापली, तिचं फूल उमटलं, पाच पाकळ्यांचं,
मग भेंड्या संपेपर्यंत फुलंच फुलं.
दुपारच्या भाजीचं काय, हे मी त्या वेळी बोललो नाही.

तेवढ्यात शेजारची द्रौपदीकाकी चार बांगडे ठेवून गेली.
काही बोलली नाही. बोलली असती तर मी घेतले नसते.

कैवल्यने बांगडा बघितला, मग हळद बघितली.
मी नाही म्हणायच्या आत पुसून, माखून,
कॅलेंडरच्या मार्च महिन्यामागे दाबला.
उचलला तर काय सांगू,
खवला खवला उठला होता,
शेपटीची कात्री, कल्ल्याची कोयरी,
डोळ्याच्या जागी पांढरा गोल.
वीस वर्षं मी हे मासे टोपलीत ओततोय,
एकाचाही चेहरा असा पाहिला नव्हता.

साडेपाचला स्मितल काजूच्या फॅक्टरीतून आली.
दोरीवर चड्ड्या, टॉवेल, आणि मधे
चिमट्यांना लटकलेले पिवळे बांगडे.
उंबऱ्यातच पोरांनी तिचा हात धरला,
तळव्याला जांभ्याचा लाल फासला, दाबला.
तळवा आला. मनगटाची बांगडीसुद्धा आली.
बोटांची टोकं मात्र गुळगुळीत, एकही रेघ नाही.
"आईची बोटां कोरी कशी?"
"चिकाने जातत रे," ती म्हणाली,
आणि खरे बांगडे उचलून बघू लागली.
"हळद लागलीच आसा. मीठ घाल नि तव्यार टाक."

रात्री कंदिलाच्या काड्या तासत बसलो होतो.
शाळेचं झाड पत्र्याच्या डब्याखाली तसंच, उघडं.
रुजुताने दप्तरातून काहीतरी काढलं:
जेटीजवळच्या जंगली बदामाचं पान,
लालभडक, कडेला किड्याने खाल्लेलं.
कधी सापडलं, सांगत नाही.

लाव की मग, म्हटलं.
पान तिने पुन्हा वहीत ठेवलं.
"एकच आसा," म्हणाली.