‘ली’चं ‘ले’

खेतवाडीतल्या छापखान्यात बावीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतो.
लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल,
एकदा तर एका पतपेढीचं अख्खं दिवाळं
ऱ्हस्व-दीर्घासकट तपासलंय.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी मुलुंडला,
गुरुकुलाच्या ऑफिसात, चपला बाहेर, पाय गार फरशीवर,
करारनामा पुढ्यात आला तेव्हा
लाल पेन आपोआप खिशातून निघालं.
कलम अकरा:
‘कोणत्याही कारणास्तव शुल्क परत दिली जाणार नाही.’
शुल्क नपुंसकलिंगी.
मी ‘ली’ खोडलं, समासात ‘ले’ लिहिलं
आणि खाली सही केली.
व्यवस्थापक खानविलकर हसले, म्हणाले, असे पालक हवेत.
प्रणोतीच्या तळहातावर खडीसाखर ठेवली.

शाळा सुंदर होती. हे सांगायलाच हवं.
अंगणात बकुळ. मुलं एकमेकांचे डबे वाटून खायची,
बाई कुणावर ओरडत नसत.
फक्त रोज सकाळी सभागृहात होम, दारं लावून,
आणि अठराव्या दिवशी शर्वरी
रिक्षात माझ्या मांडीवर, ओठ निळे,
प्रत्येक श्वासाला एक बारीक शिट्टी.

खानविलकर म्हणाले, गोवरीचा धूर औषधी असतो.
आम्ही दाखला मागितला.
ते म्हणाले, आधी दुसरं सत्र भरा.
आणि पहिल्याचे चौतीस हजार?
(प्रणोतीची भिशी होती ती, दोन वर्षांची.)
कलम अकरा, ते म्हणाले, आणि हात जोडले.
हात जोडलेल्या माणसाशी भांडायचं कसं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

गेटबाहेर आणखी चार जण भेटले.
एकाची बदली झालेली, एकीचा नवरा गेलेला,
एकाला नुसतीच शाळा पटेनाशी झालेली.
आम्ही ग्रुप काढला. त्याच्या नावावरून
दोन दिवस आपापसातच भांडलो.

ग्राहक मंचापुढे त्यांच्या वकील भणगेबाई
फार मृदू बोलतात.
माझाच कागद मला दाखवला.
हे लाल अक्षर तुमचं?
माझं.
म्हणजे कलम अकरा तुम्ही वाचलंत.
नुसतं वाचलं नाहीत, दुरुस्त केलंत.
मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

काय सांगू त्यांना,
की आम्ही वाचतो तेव्हा वाचत नसतो.
अर्थाच्या मागे गेलं की काना निसटतो,
पहिल्याच आठवड्यात बजावतात.
मी लिंग पाहिलं, वचन पाहिलं.
‘नाही’वरून नजर गेली असणार,
पण ‘नाही’ शुद्ध होतं.
त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं.

पुढची तारीख दिवाळीनंतर.
तोवर शर्वरी पालिकेच्या शाळेत बसते,
हजेरीपटावर सगळ्यांच्या खाली,
बाईंनी पेन्सिलीनं लिहिलेली.
दाखला आला की शाईनं गिरवू म्हणाल्या.

काल रात्री भात शिजेपर्यंत
तिनं करारनामा मोठ्यानं वाचला,
नव्या बाई वाचायला लावतात तसा, बोट ठेवून.
अकराव्याशी थांबली.
बाबा, परत म्हणजे पुन्हा ना?
पुन्हा. किंवा माघारी.
‘शुल्क परत दिले जाणार नाही.’
मग ते परत कशाला मागतात?

कुकरची शिट्टी झाली. प्रणोती वळून बघत राहिली.
बावीस वर्षं.
एका वाक्यात दोन अर्थ दिसले
की आम्ही दुरुस्ती करत नाही,
समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतो,
म्हणजे लेखकाला विचारून घ्यायचं.

काढलं.
मग दोन्ही पानं उलटून पाहिली, शिक्क्याखालीसुद्धा.
लेखकाचं नाव कुठेच नव्हतं.