कॉलरच्या आत

माझ्या पणज्याला, भिवसन परटाला, अक्षर येत नव्हतं.
बिब्बा येत होता.
सुईच्या टोकाने कॉलरच्या आत
एक टिंब, दोन रेघा, कावळ्याचा पाय,
वर चुन्याचं बोट.
सदरा विरेल, खूण विरायची नाही.

त्या साली, थंडीत, देवळालीच्या कँपात
आठशे सदरे उतरले.
माणसं त्याने नंतर पाहिली.
पगारी फौज नव्हती म्हणे ही.
शनिवारी कवायत, सोमवारी गिरणी;
कुणी कारकून, कुणी खाटीक,
एकजण चर्चमध्ये बाजा वाजवणारा.
धरून कुणी आणलं नव्हतं, आपणहून नावं दिली होती,
आणि लढाई मागितली तर मिळाली
दारणेकाठची परेड, माश्या,
आणि रोजची लांबलचक संध्याकाळ.

त्यांत एक ऑग्डन.
तीन टिंबं, खाली आडवी रेघ.
आपले कपडे घेऊन आपणच घाटावर यायचा,
ओलं टोक दोन बोटांत चोळून
डोळे मिटायचा, बोटांवर सूत मोजून दाखवायचा.
विणकर आहे, भिवसनने ताडलं.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.
फाटल्या जागेवर बोट ठेवून
दोघे एकच बोलायचे: च्च.

बिब्बा त्याच्या मानेवर उतला.
डॉक्टरने परटाच्या सात पिढ्या काढल्या.
ऑग्डन मात्र चट्टा मिरवत हिंडला आठ दिवस.
भिवसनने खोबरेल नेऊन दिलं.
त्याचे पैसे घेतले नाहीत,
एवढं आमच्या घरात अजून सांगतात.

मग एका पहाटे गाडी लागली. मुंबई, पुढे बसरा.
भट्टीवर एकशे सत्तर ओले सदरे,
भिंतीवर कोळशाने ओढलेली तीन महिन्यांची बाकी.
कँपातला बाबू म्हणाला, परत आले की देतील.

होळी झाल्यावर आले.
आधी कपडे आले, इस्पितळाच्या गाठोड्यांतून.
भिवसन गाठ सोडायचा नि कॉलर उलटायचा.
दोन रेघा.
कावळ्याचा पाय.
रक्ताला थंड पाणी लागतं, हे त्याला शिकवायला नको,
बाळंतिणींची धुणी धुतलेलं घर.
पण शिवणींतला गाळ अनोळखी होता, पिवळा, चिकट.
कुठल्या नदीचा, कोण सांगणार?
दगडावर आपटला
तसा तो दारणेत उतरला आणि खाली वाहत गेला.

तीन टिंबं, आडवी रेघ
एकदा चालत आली.
आत भलताच पोरगा, बुटका,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
भिवसनने त्याची कॉलर उलटून दाखवली
आणि हात पसरला: हा कुठाय?
पोराने खांदे उडवले.
तिकडे मिळेल ते घालतात.

लाम रोडवर माझं ड्रायक्लीनचं दुकान आहे.
कपड्याला बारकोड लावतो, बिब्बा आता औषधालाही सापडत नाही.
कँपातल्या गोऱ्यांच्या कबरी एकदा पाहून आलो.
मला वाचता येतं.
ऑग्डन नाही. दोन दगडांवरची अक्षरं उडालीत,
त्यांची खात्री देत नाही.

परवा मुलगा विचारत होता,
ही शेरवानी सहा महिने पडून आहे,
फोन लागत नाही, काय करू?
मी आजोबांसारखाच बोलून गेलो:
बसऱ्याला गेलंय गिऱ्हाईक.
प्लास्टिक बदल. टांगलेली राहू दे.