एकोणपन्नासावी टाचणी

डोव्हरच्या जुन्या थिएटरात, गुरुवारच्या स्वस्त खेळाला
कोरीन मला ओढतच घेऊन गेली.
"व्हर्ना मावशी, तुझ्या कामावरचा सिनेमा आहे."
म्हटलं, शिवणकामावर कोण सिनेमा काढतं?

पहिल्या वीस मिनिटांत स्टेशनाच्या चिंध्या.
गडगडाट एवढा की खुर्ची पायाखाली थरथरली.
जिथे हवाच नाही तिथे हा आवाज कशाचा,
मी पुटपुटले,
आणि खुर्चीचा दांडा काही सोडला नाही.

मग तो हातमोजा.
पत्र्याच्या कडेला घासला आणि अंगठ्याशी
टर्रकन फाटला, जुनी उशी फाटावी तसा.
आतून पांढरं काही बाहेर आलं.
कापूस!
सगळं थिएटर श्वास धरून बसलेलं
आणि मी मनात पदर मोजतेय:
वरचं जाड कापड, त्याखाली वर्खासारखे चंदेरी,
एकावर एक, एकमेकांना न चिकटणारे,
मग आवळून धरणारं जाळं, मग फुगा.
"असं नाही फाटत गं."
"शू," मागून कुणीतरी.

खरं भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं.
काटा केसभर सरकतो,
खालून कुणीतरी थंडपणे म्हणतं, आत या,
आणि माणूस आत येतो.
याचं तिकीट कोण काढील?

सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. साडेतीनला पाळी सुटायची.
प्रत्येकीला मोजून एकोणपन्नास टाचण्या,
माझ्या हिरव्या डोक्यांच्या, ओडेसाच्या पिवळ्या.
त्या दिवशी माझ्या ताटलीत अठ्ठेचाळीस.
पुन्हा मोजल्या. अठ्ठेचाळीस.
कुणी ओरडलं नाही. प्यूसीसाहेबांनी दार लावून घेतलं,
घरी फोन करा म्हणाले, उशीर होईल.
आम्ही गुडघ्यांवर बसून फरशीवरून लोहचुंबक फिरवलं,
चपलांचे तळवे पाहिले, केसांचे अंबाडे सोडले.
मग पोशाख क्ष-किरणांच्या खोलीत गेला,
एक बाही, दुसरी बाही, कंबर,
आजारी माणसाला न्यावं तसा, हलक्या हाताने.
बाहेर बाकावर आम्ही सातजणी.
ओडेसा संत्रं सोलत होती, सोलतच होती, खात नव्हती.
पार्श्वसंगीत म्हणाल तर कोल्ड्रिंकच्या मशीनची घरघर.

नऊ चाळीसला काच उजळली.
डावा गुडघा. चौथ्या आणि पाचव्या पदराच्या मध्ये,
तिरकी, लख्ख.
माझी.

तीन आठवडे मी माझेच टाके उसवत होते.
तो गुडघा पुढे तीनदा वर जाऊन आला.
कुणाला काही कळलं नाही. कळू नये, हेच तर काम.

पडद्यावर तिने चिकटपट्टी गुंडाळली,
आगीच्या लोळातून समुद्रात पडली, दार उघडलं, हसली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू,
मीही वाजवल्या.
आणि एक सांगायला हवं:
फाटल्यानंतर ती आपल्या अंगठ्याकडे बघते ना,
ते दोन सेकंद खरे होते.
तिथे कुणीतरी कुठलातरी अंगठा
खरोखर डोळ्यांसमोर आणला होता.

नावं वर सरकू लागली तसे सगळे उठले.
मी बसून राहिले. पोशाख शिवणारे: सहा नावं.
कापूस भरणाऱ्यांची सहा नावं, ठळक अक्षरांत.
आमच्या पोशाखाच्या आत एक आकडा असायचा.
झाडूवाला मुलगा पायांजवळ येऊन थांबला, मग उठले.

गाडीत कोरीन म्हणाली, "आवडला नाही तुला."
"आत कापूस नसतो."
"मग काय असतं?"

सोयाबीनची कापून ठेवलेली शेतं दोन्हीकडे,
काळीकुट्ट. मी बाहेरून आत निघाले.
पहिला पदर, त्याची वीण, सुई कितव्या नंबरची.
दुसरा. तिसऱ्याला बोटं कशी कापायची.
चौथ्याशी आले आणि माझं घर आलं.
तिने इंजिन बंद केलं.
दिवे विझले. दार कुणीच उघडलं नाही.
"पुढे?" ती म्हणाली.